लिस्टिंगवरचा कर तुमचा नसतो: अमेरिकेत शहर बदलताना घराची किंमत आणि प्रॉपर्टी टॅक्स यांची तुलना

झिलो किंवा रेडफिनसारख्या घरविक्रीच्या साइटवर घर उघडलं की खाली प्रॉपर्टी टॅक्सचा आकडा दिसतो. बहुतेक जण तोच उचलून एक्सेलमध्ये टाकतात, शेजारी आपल्या सध्याच्या घराचा कर लिहितात आणि तुलना झाली असं समजतात. पण तो आकडा विकणाऱ्याचा असतो. त्याने घर कधी घेतलं, किती वर्षं तिथे राहिला, कोणत्या सवलती लावून घेतल्या, त्याचं वय किती, यावर तो ठरलेला असतो. घर तुमच्या नावावर झालं की यातलं बरंच काही बदलतं. किती बदलेल, हे तुम्ही कोणत्या राज्यात जाताय त्यावर अवलंबून आहे.

न्यू जर्सीहून डॅलस, बे एरियातून ऑस्टिन, शिकागोहून रॅली अशी नोकरीमुळे किंवा घरून काम करायची मुभा मिळाल्यामुळे शहर बदलणारी मराठी कुटुंबं हल्ली पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी हा लेख. हिशेब एका शनिवारच्या सकाळी होण्यासारखा आहे, फक्त आकडे योग्य जागेवरून उचलायला हवेत.

१. आधी सध्याच्या घराचा हिशेब सुटा करा

बँकेत दर महिन्याला एकच रक्कम जाते, त्यामुळे आत काय काय आहे याचा विसर पडतो. मॉर्गेज स्टेटमेंट उघडा आणि मुद्दल, व्याज, एस्क्रोतून (कर आणि विमा भरण्यासाठी बँक दर महिन्याला पैसे बाजूला ठेवते त्या खात्यातून) जाणारा कर आणि एस्क्रोतून जाणारा विमा असे चार आकडे वेगळे लिहा. एचओए, म्हणजे वस्तीच्या घरमालक संघटनेचा आकार, असेल तर तो बहुधा बँकेमार्फत जात नाही, म्हणून त्याची ओळ वेगळी घाला.

आता शेजारी कर्जाचा व्याजदर लिहा. २०२० किंवा २०२१ साली घर घेतलं असेल किंवा रिफायनान्स केलं असेल, तर तो तीन टक्क्यांच्या आसपास असेल. तीस वर्षांच्या चार लाख डॉलर कर्जाचा हप्ता तीन टक्क्यांनी साधारण १,६८६ डॉलर येतो आणि साडेसहा टक्क्यांनी २,५२८. म्हणजे तेवढंच कर्ज, फक्त नव्या दराने घेतलं, तर महिन्याला साडेआठशे डॉलरच्या आसपास जास्त. हे घर विकून दुसरीकडे जाताना तुम्ही एक स्वस्त कर्जही मागे सोडता. शहरांच्या तुलनेत हा आकडा कुठेच दिसत नाही आणि कित्येकदा करातल्या फरकापेक्षा तोच मोठा असतो.

२. शहराची मध्यम किंमत विसरा, घरासारखं घर शोधा

‘तिकडे घरं निम्म्या किमतीत मिळतात’ हे वाक्य प्रत्येक पॉटलकमध्ये ऐकू येतं. शहराच्या मध्यम किमतीवरून (मीडियन, म्हणजे निम्मी घरं जिच्याखाली आणि निम्मी जिच्यावर असतात ती) ते खरंही ठरेल. पण मध्यम किमतीत जुने काँडो, दोन बेडरूमची टाउनहाउस, दुरुस्तीला आलेली घरं असं सगळंच येतं, आणि एका शहरातलं मध्यम घर दुसऱ्या शहरातल्या मध्यम घरासारखं नसतं. केस-शिलर किंवा एफएचएफएचे घरांच्या किमतींचे निर्देशांकही इथे उपयोगाचे नाहीत. किमती किती वेगाने वाढल्या ते त्यातून कळतं, घर कितीला पडतं ते कळत नाही. शहरं प्राथमिक चाळायला सेन्सस ब्युरोचे अमेरिकन कम्युनिटी सर्व्हेचे आकडे बरे. मालक राहत असलेल्या घरांची मध्यम किंमत आणि त्यांनी भरलेला मध्यम प्रॉपर्टी टॅक्स, दोन्ही काउंटीनुसार मिळतात. पण ते आकडे वर्षानुवर्षं तिथेच राहणाऱ्या जुन्या मालकांसकट सगळ्यांचे असतात, तेव्हा त्यांचा वापर चाळणीपुरताच करा.

त्यानंतर सध्याच्या घराचे पाच गुण कागदावर लिहा: चौरस फूट, बांधकामाचं साधारण वय, बेडरूम, शाळेचा दर्जा, ऑफिसला जायला लागणारा वेळ. नव्या शहरात हे पाचही गुण जुळणारी आणि गेल्या सहा महिन्यांत विकली गेलेली सहा-सात घरं काढा. मागितलेली किंमत नको, विकलेली हवी. टेक्ससमध्ये इथेच अडतं, कारण तिथे विक्रीची किंमत सरकारदरबारी जाहीर करण्याची सक्ती नाही. मग एखाद्या एजंटकडून एमएलएसमधल्या (एजंटांच्या सामाईक यादीतल्या) विक्रीच्या किमती मागून घ्याव्या लागतात. एजंट त्या आनंदाने देतात, त्यात संकोच करण्यासारखं काही नाही.

शाळेच्या बाबतीत पत्त्यावर विसंबू नका. पत्त्यावर प्लेनो लिहिलेलं घर फ्रिस्कोच्या शाळा-जिल्ह्यात असू शकतं. टेक्ससच्या करात सगळ्यात मोठा वाटा बहुधा शाळा-जिल्ह्याचाच असतो, त्यामुळे ती रेघ कुठून जाते यावर मुलांची शाळाही ठरते आणि तुमचा करही.

३. ‘टॅक्स रेट’ नावाचा आकडा वाचायला शिका

दोन गावांचे दर शेजारी ठेवून तुलना करणं हा सगळ्यात मोठा सापळा आहे. दर कशावर लागतो ते प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं. जॉर्जियात बाजारभावाच्या ४० टक्क्यांवर कर लागतो. शिकागोच्या कुक काउंटीत राहत्या घरांचं मूल्यांकन बाजारभावाच्या १० टक्के असतं आणि त्याला पुन्हा राज्याच्या एका गुणकाने गुणतात. मिशिगनमध्ये ५० टक्के. टेक्ससमध्ये पूर्ण बाजारभाव. काही ठिकाणी दर शंभर डॉलरमागे सांगतात, तर काही ठिकाणी मिलमध्ये, म्हणजे हजार डॉलरमागे.

न्यू जर्सीत तर शेजारच्या दोन टाउनशिपमध्येही आभाळाएवढा फरक दिसतो. समजा, एका गावात कित्येक वर्षांत फेरमूल्यांकन झालेलं नाही. तिथे सहा लाखांच्या घराचं कागदोपत्री मूल्य दोन लाख आहे आणि दर ५.६. कर ११,२०० डॉलर. शेजारच्या गावात फेरमूल्यांकन नुकतंच झालं. तिथे सहा लाखांच्याच घराचं मूल्य ५,६०,००० आहे आणि दर २.०. कर पुन्हा ११,२०० डॉलरच. पहिल्या गावाचा ‘पाच पूर्णांक सहा’ ऐकून पळ काढणारे लोक मी पाहिले आहेत.

म्हणून सगळीकडे एकच भागाकार करा. वर्षाचा पूर्ण कर भागिले आजचा बाजारभाव. वरच्या दोन्ही गावांत उत्तर सुमारे १.८७ टक्के येतं. याला परिणामी दर म्हणू. पुढचे ढोबळ आकडे याच दराचे आहेत.

ढोबळ अंदाजासाठी सांगायचं तर न्यू जर्सी आणि इलिनॉयची उपनगरं साधारण दोन टक्क्यांच्या आसपास असतात. टेक्ससच्या मोठ्या शहरांभोवती सवलती धरण्यापूर्वी दीड ते सव्वादोनच्या पट्ट्यात, कॅलिफोर्नियात नव्या खरेदीदाराला १.१ ते १.२५, नॉर्थ कॅरोलिनाच्या रॅली-कॅरी भागात एक टक्क्याच्या आत-बाहेर. हे फक्त सुरुवातीला. शेवटचा आकडा घराच्या पार्सल क्रमांकावरूनच (काउंटीच्या नोंदीतल्या त्या जागेच्या क्रमांकावरून) काढायचा.

४. घर विकलं गेल्यावर कराचं काय होतं

माझ्या मते सगळ्या तुलनेतला हाच गाभा आहे, आणि लोक नेमका हाच भाग वगळतात. ढोबळमानाने राज्यांचे तीन प्रकार पडतात.

पहिला प्रकार, विक्री झाली की मूल्य नव्याने लागतं. कॅलिफोर्नियात १९७८ सालच्या प्रपोझिशन १३ मुळे मूळ दर एक टक्का आणि करपात्र मूल्याची वाढ वर्षाला जास्तीत जास्त दोन टक्के. घर विकलं की मूल्य पुन्हा बाजारभावाला येतं. फ्लोरिडात राहत्या घरासाठी ही मर्यादा तीन टक्के किंवा महागाई, यातलं जे कमी असेल ते. मिशिगनमध्ये १९९४ च्या प्रपोझल ए मुळे पाच टक्के किंवा महागाई. तिन्ही ठिकाणी वीस वर्षं राहिलेल्या शेजाऱ्याचा कर आणि तुमचा कर यांत जमीन-अस्मानाचं अंतर असू शकतं. घर मात्र सारखंच.

फ्लोरिडात आणि मिशिगनमध्ये यात आणखी एक मेख आहे. मूल्य लगेच बदलत नाही, पुढच्या वर्षी बदलतं. घर जूनमध्ये घेतलं तर पहिलं बिल जुन्या मालकाच्या मूल्यावर येतं. ‘कर किती कमी आहे!’ असं वाटून माणूस नवं फर्निचर घेतो आणि पुढच्या वर्षीचं बिल दुप्पट येतं. फ्लोरिडातल्या बऱ्याच काउंटींच्या प्रॉपर्टी अप्रेझरच्या वेबसाइटवर खरेदीची किंमत टाकून नवा कर काढायची सोय असते. तोच आकडा धरा. कॅलिफोर्नियात मात्र फरक त्याच वर्षी वसूल होतो, सप्लिमेंटल बिल म्हणून. ते घरमालकाच्या नावाने येतं आणि एस्क्रोतून सहसा भरलं जात नाही. खरेदीनंतर काही महिन्यांनी आलेलं ते पाकीट जाहिरात समजून फेकू नका.

दुसरा प्रकार, दर वर्षी बाजारभावाने मूल्यांकन. टेक्सस त्यातलं. १ जानेवारीची स्थिती पाहून अप्रेझल डिस्ट्रिक्ट, म्हणजे घरांचं मूल्य ठरवणारं स्थानिक कार्यालय, मूल्य ठरवतो. राहत्या घराला होमस्टेड (मालक स्वतः राहतो त्या घराची करसवलत) लावल्यानंतर करपात्र मूल्याची वाढ वर्षाला दहा टक्क्यांवर थांबते, पण ती मर्यादा होमस्टेड मिळाल्याच्या पुढच्या वर्षापासून. म्हणजे विकणाऱ्याचं दाबून राहिलेलं मूल्य तुम्हाला वारशात मिळत नाही. अप्रेझल डिस्ट्रिक्टच्या साइटवर प्रत्येक घराची दोन मूल्यं दिसतात, एक बाजारमूल्य आणि एक मर्यादेनंतरचं. तुमच्यासाठी पहिलं.

तिसऱ्या प्रकारात विक्रीमुळे काही होत नाही, गावाचं फेरमूल्यांकन होईल तेव्हाच होतं. न्यू जर्सी, पेन्सिल्व्हेनिया, नॉर्थ कॅरोलिना. नॉर्थ कॅरोलिनात कायद्याने किमान आठ वर्षांतून एकदा फेरमूल्यांकन करावं लागतं. रॅलीच्या वेक काउंटीत ते २०२० नंतर २०२४ साली झालं. पेन्सिल्व्हेनियात तशी ठरावीक मुदत नाही, आणि पिट्सबर्गच्या अ‍ॅलेघेनी काउंटीत २०१२ हे आधारवर्ष वर्षानुवर्षं चालत आलेलं आहे. तिथे शाळा-जिल्ह्याला तुमची खरेदी पाहून मूल्य वाढवण्यासाठी अपील करता येतं, आणि स्थानिक लोक त्याला सरळ ‘नवख्यांवरचा कर’ म्हणतात. अशा ठिकाणी लिस्टिंगवरचा आकडा आज बरोबर असतो, पण फेरमूल्यांकन कधी झालं आणि पुढचं कधी आहे ते विचारा. घराचं मूल्य दुप्पट झालं म्हणजे करही दुप्पट होतो असं नाही. गावाचं बजेट तेवढंच राहिलं तर दर खाली येतो. तुमचं घर गावाच्या सरासरीपेक्षा जास्त वाढलं असेल तरच तुमचा वाटा वाढतो. बऱ्याच वर्षांत मूल्यांकन न झालेल्या गावात ज्या वस्तीचे भाव मधल्या काळात झपाट्याने चढले, तिथे घर घेताना हे लक्षात असू द्या.

एक उदाहरण आकड्यांत पाहू. एका कुटुंबाने २०१२ साली बे एरियात पाच लाखांचं घर घेतलं. आज ते बारा लाखांचं आहे. दोन टक्क्यांची वाढ दर वर्षी पूर्ण धरली तरी २०२५ साली करपात्र मूल्य ६,४७,००० च्या आसपास, आणि १.२ टक्क्यांनी कर सुमारे ७,७६० डॉलर. ते टेक्ससमध्ये सहा लाखांचं घर घेतात. एकूण दर दोन टक्के, म्हणजे १२,०००. होमस्टेडमुळे शाळेच्या करात सुमारे १,४०० वाचतात, उरतात १०,६००. घर निम्म्या किमतीचं झालं आणि कर वाढला. याच कुटुंबाच्या शेजारी गेल्या वर्षी बारा लाखांना घर घेतलेलं जोडपं राहतं. त्यांचा कर १४,४०० आहे. टेक्ससमध्ये तेच घर घेतलं तर त्यांचा मात्र पावणेचार हजारांनी कमी होईल. तेव्हा ‘टेक्ससमध्ये कर जास्त की कमी’ या प्रश्नाला उत्तर नाही, कोणाला आणि कधी घर घेतलेल्याला ते आधी सांगावं लागतं.

५. नवीन बांधकाम: पहिल्या वर्षीच्या बिलावर विश्वास ठेवू नका

बिल्डरचं मॉडेल होम पाहून भुलणारे आपल्याकडे कमी नाहीत, म्हणून हे जरा उलगडून सांगतो.

टेक्ससमध्ये समजा तुम्ही सप्टेंबरमध्ये साडेपाच लाखांच्या नव्या घराचा ताबा घेतला. १ जानेवारीला तिथे मोकळा प्लॉट होता, मूल्य ९०,०००. दर २.२ टक्के धरला तर त्या वर्षाचा कर १,९८० डॉलर. बँकेने तोच आकडा धरून एस्क्रो लावला, तर महिन्याला फक्त १६५ डॉलर कापले जातात. पुढच्या जानेवारीत घर उभं असतं. मूल्य ५,५०,०००, कर १२,१००, होमस्टेडची सूट वजा जाऊन १०,७००. बँक तो भरते आणि एस्क्रोचा आढावा घेते. आता पुढच्या वर्षासाठी महिन्याला ८९२ हवेत, शिवाय मागची ८,७२० ची तूट बारा महिन्यांत वाटली तर आणखी ७२७. जिथे १६५ जात होते तिथे १,६१९. हप्ता एका पत्राने साडेचौदाशे डॉलरने चढतो.

काही बँका पहिल्यापासून पूर्ण घराच्या अंदाजाने एस्क्रो लावतात, काही लावत नाहीत. लोन एस्टिमेट (कर्जाच्या खर्चाचा बँकेने दिलेला अंदाज) हातात आला की कराची ओळ पाहा आणि ‘हा कर पूर्ण झालेल्या घरावर धरला आहे का’ असं ईमेलवर, लेखी विचारा. उत्तर नाही आलं तर फरक दर महिन्याला स्वतःच वेगळ्या खात्यात टाका.

नव्या वस्त्यांमध्ये करापलीकडचे करही असतात. टेक्ससमध्ये शहराच्या हद्दीबाहेरच्या वस्तीत पाणी आणि सांडपाण्यासाठी काढलेल्या रोख्यांचा ‘मड’ टॅक्स, काही ठिकाणी पीआयडी, म्हणजे वस्तीतल्या सुधारणांसाठीचा आकार. कॅलिफोर्नियात १९८२ च्या कायद्याखालचा मेलो-रूस. मेलो-रूस घराच्या किमतीवर लागत नाही, ठरलेल्या सूत्राने येतो आणि कित्येक वर्षं चालतो. अर्व्हाइनसारख्या ठिकाणी एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना वेगळी बिलं असू शकतात. हे सगळं लिस्टिंगवरच्या टक्क्यात येईलच असं नाही. काउंटीच्या कर-वसुली खात्याच्या साइटवर जाऊन त्या घराचं मागच्या वर्षीचं पूर्ण बिल उघडा आणि ओळ न् ओळ वाचा.

एचओएबद्दल फार लिहीत नाही. तो महिन्याच्या खर्चात धरा आणि मागच्या तीन वर्षांत किती वाढला ते विचारा.

६. सवलती आपोआप लागत नाहीत

टेक्ससमध्ये शाळेच्या करासाठी होमस्टेडची सूट २०२३ साली ४०,००० वरून एक लाखावर गेली आणि २०२५ पासून १,४०,००० झाली. अर्ज अप्रेझल डिस्ट्रिक्टकडे करायचा असतो, फुकट. ‘आम्ही होमस्टेड लावून देतो, एवढे डॉलर भरा’ अशी पत्रं नव्या घरमालकांना येतात, ती कचऱ्यात टाका. अर्जाला टेक्ससचं ड्रायव्हिंग लायसन्स लागतं आणि त्यावर नव्या घराचा पत्ता हवा. म्हणजे सामान उघडण्याआधी लायसन्सच्या रांगेची अपॉइंटमेंट घ्या, ती लवकर मिळत नाही.

फ्लोरिडात होमस्टेडची सूट साधारण ५०,००० ची, अर्जाची मुदत १ मार्च. एच-१बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असाल तर तिथे होमस्टेड मिळणं गृहीत धरू नका. कायमस्वरूपी वास्तव्याच्या अटीवर अर्ज अडू शकतो, आणि होमस्टेड नाही म्हणजे तीन टक्क्यांची मर्यादाही नाही. काउंटी प्रॉपर्टी अप्रेझरला आधीच फोन करून विचारा. मिशिगनमध्ये राहत्या घराला शाळेच्या चालू खर्चाचे १८ मिल माफ होतात, पण त्यासाठीही फॉर्म भरावा लागतो. कॅलिफोर्नियाची राहत्या घराची सूट ७,००० ची आहे, त्यातून वर्षाला जेमतेम सत्तर डॉलर वाचतात. घ्या, पण त्यावर हिशेब रचू नका.

निवृत्तीला आलेल्यांसाठी दोन मोठ्या गोष्टी आहेत. कॅलिफोर्नियात ५५ वर्षांवरच्या मालकाला प्रपोझिशन १९ खाली जुन्या घराचं करपात्र मूल्य राज्यातल्या राज्यात नव्या घराला नेता येतं. टेक्ससमध्ये ६५ नंतर जास्तीची सूट तर मिळतेच, शिवाय शाळेच्या कराला कमाल मर्यादा बसते. आणि हेच उलट बाजूने वाचा: टेक्ससमधला विकणारा सत्तरीचा असेल, तर त्याच्या बिलाकडे ढुंकूनही पाहू नका.

७. आयकर त्याच ओळीत लिहा

टेक्सस आणि फ्लोरिडात पगारावर राज्याचा आयकर नाही. इलिनॉयमध्ये सरसकट ४.९५ टक्के, नॉर्थ कॅरोलिनात २०२६ पासून ३.९९. न्यू जर्सी आणि कॅलिफोर्नियात पगार वाढेल तसा दर चढतो. दोन लाख पगाराच्या घराला इलिनॉय सोडून टेक्ससला गेल्यावर ढोबळमानाने साडेनऊ-दहा हजार वाचतात, आणि प्रॉपर्टी टॅक्सचा दर दोन्हीकडे साधारण सारखाच. न्यू जर्सीहून नॉर्थ कॅरोलिनाला गेल्यास प्रॉपर्टी टॅक्स निम्म्यावर येऊ शकतो, पण आयकर काही शून्य होत नाही. मागच्या वर्षीचं राज्याचं रिटर्न उघडा आणि भरलेला एकूण कर थेट तक्त्यात लिहा, अंदाज नको.

एक गोष्ट लक्षात ठेवा: पगार थांबला की आयकर थांबतो, प्रॉपर्टी टॅक्स थांबत नाही. ले-ऑफच्या काळात टेक्ससमधल्या घराचा कर जसाच्या तसा भरावा लागतो.

फेडरल रिटर्नमध्ये राज्याचा आयकर आणि प्रॉपर्टी टॅक्स मिळून जी वजावट मिळते, तिची मर्यादा २०१८ पासून १०,००० डॉलर होती. २०२५ साठी ती ४०,००० झाली, पण पाच लाखांवरच्या उत्पन्नाला ती कमी होत जाते आणि २०३० मध्ये पुन्हा १०,००० वर येणार आहे. शिवाय ही वजावट वजावटी एकेक करून दाखवल्या तरच मिळते. २०२५ साठी जोडप्याची स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे सरसकट वजावट, ३१,५०० होती. व्याज आणि कर मिळून त्यापुढे जात नसतील तर या परिच्छेदाचा तुम्हाला उपयोग नाही.

८. सगळं महिन्यावर आणा

प्रत्येक घरासाठी एकच रकाना: हप्ता, तुमच्या खरेदीवर नव्याने काढलेला कर, विमा, विशेष कर आणि एचओए, राज्याचा आयकर भागिले बारा. विम्याचा आकडा अंदाजाने लिहू नका. फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळ वादळाचा, टेक्ससमध्ये गारपिटीचा, कॅलिफोर्नियात वणव्याचा धोका धरून मिळालेलं प्रत्यक्ष कोटेशन हवं. काही भागांत विमा कराला मागे टाकतो. छत किती जुनं आहे हे एजंटला पहिल्याच फोनवर विचारा, टेक्ससमध्ये कोटेशन त्यावर बरंच हलतं.

आता एक सोपी युक्ती. साडेसहा टक्क्यांच्या तीस वर्षांच्या कर्जावर हजार डॉलरमागे महिन्याला ६ डॉलर ३२ सेंट जातात. म्हणजे महिन्याला शंभर डॉलर म्हणजे सुमारे १५,८०० चं कर्ज. दोन घरांच्या करात वर्षाला सहा हजारांचा फरक असेल तर महिन्याला पाचशे, म्हणजेच सुमारे ७९,००० डॉलरचं कर्ज. सव्वापाच लाखांचं कमी कराचं घर आणि साडेचार लाखांचं जास्त कराचं घर महिन्याच्या खर्चात जवळजवळ सारखी पडतात. अशा वेळी मी तरी महागडं घर घेईन. हप्त्यातलं मुद्दल आपल्याकडे राहतं, व्याजदर उतरला तर रिफायनान्स करता येतं, आणि कराचं रिफायनान्स होत नाही. याला अपवाद एकच, तो जास्तीचा कर खरोखर चांगली शाळा देत असेल आणि त्यामुळे दोन मुलांची खासगी शाळेची फी वाचत असेल.

हाच रकाना पाचव्या वर्षासाठी पुन्हा भरा. कॅलिफोर्नियात कर दोन टक्क्यांनी वाढवा. टेक्ससमध्ये मूल्य वाढतं पण दर थोडे उतरतात, सावधगिरीने वर्षाला चार-पाच टक्के धरा. न्यू जर्सीत फेरमूल्यांकन मधे येत असेल तर दोन शक्यता लिहा. पाच वर्षांच्या आत पुन्हा हलायची शक्यता असेल तर विक्रीचा खर्चही धरा, कमिशन आणि क्लोजिंग (व्यवहार पूर्ण करतानाचा खर्च) मिळून तो करातली बचत सहज गिळतो. अशांनी पहिलं वर्ष भाड्याने राहावं असं माझं स्पष्ट मत आहे, घरात कोणी कितीही नाक मुरडलं तरी.

९. ऑफर देण्यापूर्वीचे फोन

फोन दोन. काउंटी असेसर किंवा अप्रेझल डिस्ट्रिक्टला: ‘हे घर मी इतक्याला घेतलं आणि स्वतः राहिलो, तर पुढच्या वर्षीचं करपात्र मूल्य कसं ठरेल, आणि त्या पार्सलवर कोणकोणते विशेष कर आहेत?’ ही मंडळी अनपेक्षितपणे मदत करणारी असतात. दुसरा फोन कर्ज देणाऱ्याला, एस्क्रो कोणत्या आकड्यावर लावणार ते विचारायला.

इलिनॉयमध्ये घर घेत असाल तर वकिलाला आणखी एक विचारा. तिथे कर एक वर्ष मागे चालतो. २०२५ चा कर २०२६ मध्ये भरायचा असतो, म्हणजे विकणाऱ्याच्या काळातलं बिल तुमच्या दारात येतं. त्यासाठी विकणारा क्लोजिंगला, म्हणजे व्यवहार पूर्ण होताना, तुम्हाला पैसे वळते करतो. शेवटच्या बिलाच्या किती टक्के, यावर वाटाघाट होते. बिल वाढणार असेल तर शंभर टक्क्यांवर समाधान मानू नका.

१०. घर घेतल्यानंतरचं पहिलं मूल्यांकन

नोटीस आली की त्यावरची मुदत आधी पाहा. टेक्ससमध्ये १५ मे किंवा नोटीस निघाल्यापासून तीस दिवस, यातली जी नंतर असेल ती. न्यू जर्सीत सर्वसाधारणपणे १ एप्रिल, पण गावाचं फेरमूल्यांकन झालं असेल तर १ मे. कुक काउंटीत टाउनशिपप्रमाणे खिडकी उघडते आणि लवकर बंद होते.

टेक्ससमध्ये काउंटीने लावलेलं मूल्य तुमच्या खरेदीच्या किमतीपेक्षा जास्त असेल, तर क्लोजिंग स्टेटमेंट जोडून लगेच प्रोटेस्ट करा, म्हणजे मूल्यावर हरकत घ्या. याहून भक्कम पुरावा दुसरा नाही, आणि बऱ्याचदा सुनावणीपर्यंत जावंही लागत नाही. उलट मूल्य खरेदीपेक्षा कमी लागलं असेल, तर अप्रेझल डिस्ट्रिक्टकडून ‘घर कितीला घेतलंत’ असं विचारणारा फॉर्म पोस्टाने येईल. तो भरून पाठवण्याची सक्ती नाही.